तिकीट म्हणजे कागद की नोंद?

(मंडळाच्या कार्यक्रमातील भाषण)



व्यवसायात डिजिटल विचार म्हणजे नुसता संगणक आणणे नव्हे. आमच्या रेल्वेचेच उदाहरण घ्या. पूर्वी आरक्षण मोठमोठ्या रजिस्टरांत हाताने लिहीत. गाड्यांप्रमाणे खिडक्या वेगळ्या. १९८० च्या दशकात नवी दिल्लीपासून संगणक आला आणि एकाच खिडकीवर अनेक गाड्यांची तिकिटे मिळू लागली. वेग वाढला, पण विचार जुनाच राहिला : तिकीट म्हणजे कागद! ३ ऑगस्ट २००२ रोजी इंटरनेटवर आरक्षण सुरू झाले, तेव्हाही छापील तिकीट कुरियरनेच घरी येई. २००५ मध्ये ई-तिकीट आले आणि खरा बदल झाला. तिकीट म्हणजे नोंद. कागद ही फक्त तिची खूण.

मात्र एक गोष्ट सलते. प्रतीक्षायादीतले ई-तिकीट पक्के झाले नाही तर आपोआप रद्द होते, पैसे खात्यात परत येतात. खिडकीवर तिकीट काढणाऱ्याला पैशांसाठी पुन्हा रांग लावावी लागते, आणि त्या रांगेत बहुधा कष्टकरीच असतो. नवी पद्धत आखताना त्याचा विचार आधी व्हावा.

आपणही वर्गणी मोबाइलवर जरूर घेऊ, पण पावतीपुस्तक बंद करायला नको.

गणपती बाप्पा मोरया!