नऊ दिवसांच्या गावात

मिळालेल्या पाच मिनिटांत मला एकच गोष्ट मागायची आहे. ज्या घरातलं कुत्रं गेलं, त्या घरी भेटायला जा. फोनवर हात जोडल्याचं चित्र पाठवून थांबू नका. उठा आणि जा.

मी सिंगापुरात नोव्हेनाला राहते. थॉमसन रोडवरच्या चर्चमुळे या भागाला हे नाव पडलं. दर शनिवारी तिथे प्रार्थनेला गर्दी लोटते. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. जुने रोमन लोक घरातलं माणूस गेलं की नऊ दिवस दुखवटा पाळत, तिथपर्यंत अभ्यासक या नऊ दिवसांचा माग काढतात. त्यांचे नऊ, आपले दहा. फार लांब नाही आपण एकमेकांपासून.

आमच्या शेजारच्या काकांच्या खंड्याला मात्र त्यातला एकही दिवस मिळाला नाही. खंड्या ‘सिंगापूर स्पेशल’. इथल्या गावठी कुत्र्यांना लोक लाडानं असं म्हणतात. तेरा वर्षांचा झाला होता, मूत्रपिंडं निकामी झाली होती. गुरुवारी रात्री डॉक्टरांनी ते शेवटचं इंजेक्शन दिलं आणि शुक्रवारी सकाळी काका ऑफिसात हजर. इथल्या कायद्यात माणूस गेलं तरी दुखवट्याची रजा द्यायलाच हवी असं बंधन नाही, तिथे खंड्यासाठी कुणाकडे मागणार? आणि आम्ही शेजारी? आम्ही म्हणालो, “वय झालं होतं हो. आता दुसरा आणा.” मीही म्हणाले.

दोन महिन्यांनी काका लिफ्टमध्ये भेटले. मी सहज विचारलं, “कसे आहात?” तर म्हणाले, “ताई, मी मारलं त्याला. कागदावर सही माझी आहे.”

दुःख दुधासारखं असतं, असं मला तेव्हापासून वाटतं. इथल्या उकाड्यात दूध ओट्यावर तसंच राहिलं तर नासतं. चमचाभर विरजण लावलं तर त्याच दुधाचं, त्याच उकाड्यात, चार-पाच तासांत दही लागतं. आणि घरातलं विरजण संपलं की आपण काय करतो? वाटी घेऊन शेजारी जातो. ‘आनंदावर विरजण पडलं’ म्हणतो ते विरजण बाजूला ठेवा. मी बोलतेय ते वाटीतलं, मागून आणायचं. माणूस गेलं की ते न मागता घरी येतं. कुणी पिठलं-भाकरी आणतं, कुणी नुसतं शेजारी बसून राहतं. कुत्रं गेलं की वाटी कुणीच आणत नाही आणि मागायची लाज वाटते. काकांचं दूध दोन महिने ओट्यावर होतं. नासून त्याचा अपराध झाला.

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाचं 1989 सालचं पुस्तक आहे, समाज ज्याला दुःख मानतच नाही अशा दुःखावर. काकांचं दुःख त्यातलंच.

मी काकांना समजावलं. मूत्रपिंडांचं सुमारे तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन सहसा वाढतच नाही. तुम्हाला आधी कळणार कसं? काका म्हणाले, “त्याचे डोळे उघडे होते. माझ्याकडेच बघत होता.” अहो, कुत्र्याचे डोळे मेल्यावर आपोआप मिटत नाहीत, पापणी मिटायला स्नायूंना काम करावं लागतं. ते औषध म्हणजे भुलीचाच मोठा डोस. आधी शुद्ध हरपते, मग श्वास आणि हृदय थांबतं. नंतर एखादा आचका येतो, तो त्याला जाणवतही नाही. हे सगळं खरं आहे आणि ज्यांच्या घरी असं घडलंय त्यांनी लक्षात ठेवावं. पण काका नुसती मान हलवत राहिले. नासलेल्या दुधात विरजण कालवत होते मी. पहिल्या आठवड्यात जायला हवं होतं.

युधिष्ठिराची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. कुत्र्याला सोडून स्वर्गात येणार नाही म्हणाला. हीच गोष्ट काकांसारख्या माणसाला टोचते, कारण त्याला सही करून कुत्र्याला पुढे पाठवावं लागतं. माझ्या मते दाराशी अडून बसण्याइतकंच ते कठीण आहे. त्या रात्री काका खंड्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, उठून बाहेर गेले नव्हते. हे त्यांना आमच्यापैकी कुणीच...

एकच मिनिट उरलंय. तर पुन्हा सांगते, भेटायला जा, पहिल्याच आठवड्यात जा. ‘दुसरा आणा’ म्हणू नका. तो घरी पहिल्यांदा आला तेव्हा केवढा होता, ते विचारा. नाव घेऊन विचारा.

खंड्याला जाऊन आता चार महिने झाले. आज संध्याकाळी मी काकांकडे जाणार आहे. त्याचा पट्टा अजून दारामागच्या खिळ्याला आहे, काढावा की नाही हे त्यांना ठरवता येत नाही. मीही काही सांगणार नाही. दशम्या केल्यात, त्या घेऊन जाईन. तो किती खोडकर होता ते मला अजून नीट ठाऊकच नाही.