पावतीवर दुसऱ्याचे नाव



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकाच्या आज्ञावलीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु २००४ साली ठाण्यास वागळे इस्टेटमधल्या एका पतपेढीत खिडकीवरच्या कारकुनास निलंबित करण्यात आले. आरोप असा की, तो एकाच्या हप्त्याच्या पावतीवर दुसऱ्याचे नाव छापतो. रक्कम बरोबर, नाव चूक. आणि तेही पुन्हा पुन्हा. चौकशीत त्याची बाजू आम्हास मांडावयाची होती, तेव्हा ही विद्या शिकणे प्राप्तच झाले.

पूर्वी ग्राहक आला की सर्व्हरवर आज्ञावली सुरू व्हावी, काम होताच संपावी आणि तिची स्मृती पुसली जावी, अशी रीत होती. ती फार मंद. म्हणून १९९६ च्या सुमारास मॉड-पर्ल निघाले. त्याने अपॅची सर्व्हरच्या पोटातच पर्ल भाषेचा कायम मुक्काम केला. वेग वाढला. पण कल्याणची लोकल दर फेरीनंतर कारशेडात जात नाही; बाकावर टाकलेले वर्तमानपत्र पुढच्या उतारूच्या हाती पडतेच. येथे तसेच झाले.

सभासदाचे नाव ठेवण्याची जी पेटी, तिला चल म्हणतात; ती कोठवर दिसावी ती तिची व्याप्ती. मॉड-पर्लमधील रजिस्ट्री नावाची सोय अख्खी आज्ञावली एका मोठ्या फंक्शनात गुंडाळते. मग आतले नामधारी फंक्शन एकदाच घडते आणि पहिल्या सभासदाची पेटी कायमची कवटाळून बसते. पावती छापणारे फंक्शन नेमके असे होते. ते कॉलबॅक म्हणून सोपवलेले, म्हणजे खतावणीत नोंद झाली की याला हाक मारावी. हाक वेळेवर जाई. रक्कम हाकेबरोबर हाती दिली जाई, म्हणून बिनचूक. नाव मात्र जुन्या पेटीतले!

त्यातून सर्व्हरच्या प्रक्रिया अनेक, आणि प्रत्येकीचा पहिला सभासद निराळा. त्यामुळे चूक कधी दिसे, कधी न दिसे. अभियंता येई, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करी, एक पावती काढी. ती पहिलीच, म्हणून बरोबर. झाले, दोष कारकुनाचा! पर्ल बिचारी सर्व्हरच्या नोंदवहीत इशारा लिहीत होती की, हे चल सामायिक राहणार नाही. ती वाचणे कोणाच्याच कामात बसत नव्हते.

आम्ही चौकशी अधिकाऱ्यास एवढेच म्हटले, की एकच प्रक्रिया चालू ठेवा आणि दोन सभासदांच्या पावत्या ओळीने काढा. दुसरीवर पहिल्याचे नाव आले. कारकून त्या वेळी खोलीबाहेर बाकावर बसला होता.

दुरुस्ती दोन ओळींची होती. नावही हाकेबरोबर हाती द्यावे. किंवा दर सभासदामागे बिननावाचे नवे फंक्शन घडवावे, ते त्या वेळचीच पेटी धरते.

हे जुने प्रकरण म्हणून सोडता येत नाही. २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटी बंद ठेवावे लागले. एकाच्या संभाषणांची शीर्षके दुसऱ्यास दिसली होती. तेथे कारण थोडे वेगळे. मध्येच रद्द झालेल्या मागणीचे उत्तर सामायिक जोडणीत शिल्लक राही आणि पुढच्याच्या पदरात पडे. त्या कंपनीने चारच दिवसांत दोष आज्ञावलीचा असल्याचे जाहीर केले. आमचा कारकून कामावर परतला खरा. पण निलंबनातला उरलेला पगार मिळण्यास आम्हास आणखी एक अर्ज करावा लागला.