उन्हाळ्याची तयारी दिवाळीत
(विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान घेतलेला आपला मुलगा मे महिन्यात काय करतो? बहुधा दुकानावर बसतो किंवा शिकवण्या घेतो. त्यात कमीपणा नाही. परंतु त्याच सुट्टीत शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करण्याची सोय या देशात आहे, आणि आपल्यापैकी फार थोड्या घरांना तिची वार्ता आहे.

बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी आणि तिच्या दोन भगिनी-संस्था मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दरमहा विद्यावेतन व रेल्वेभाडे मिळते. (अध्यापकांनाही अर्ज करता येतो, हे येथे बसलेल्या प्राध्यापकांनी ऐकून ठेवावे!) कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्याची आयुका यांचेही असे उपक्रम आहेत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने तर २००४ साली खास पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उपक्रम सुरू केला. कोणत्या वर्गाला प्रवेश, हे संस्थेगणिक वेगळे असते. जाहिरात नीट वाचावी.

आपली मुले गुणांत नव्हे, तारखेत मागे पडतात. उन्हाळ्याच्या कामाचे अर्ज हिवाळ्यात घेतले जातात. अकादमीची मुदत साधारणतः नोव्हेंबरच्या सुमारास संपते. एप्रिलमध्ये चौकशी करणाऱ्याच्या हाती काय लागणार?

अर्जासोबत अध्यापकांचे शिफारसपत्र व स्वतःचे छोटे टिपण लागते. "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे" असे सगळेच लिहितात. त्यापेक्षा असे लिहा: अर्धा मीटर लांबीच्या लोलकावरून गुरुत्वीय त्वरण ९.८ ऐवजी ९.६ आले, मग लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या टोकापर्यंतच मोजली होती, हे तुम्ही कसे शोधून काढले. वाचणाऱ्याला हाच मुलगा हवा असतो.

तेथे जाऊन मोठा शोध लागेल, या भ्रमात मात्र राहू नका. निम्मा वेळ वाचण्यात आणि संगणकाशी झटापट करण्यात जातो. पण संशोधन आपल्याला मानवते की नाही, हे तेथे कळते.

मुलींच्या बाबतीत पालक कचरतात. त्यांची काळजी मी समजू शकतो. निवडीचे पत्र आले की राहण्याची व्यवस्था कशी आहे ते संस्थेला सरळ विचारा. अम्मीने किंवा अब्बांनी सोबत जाऊन जागा पाहून यावी. आपल्याच शहरातल्या संस्थेत काम मिळत असेल तर तेही पाहावे. पण न विचारताच नकार कळवू नका.

ज्यांना यंदा अर्ज करायचा आहे, त्यांनी आपले टिपण घेऊन दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मला भेटावे.