पांढरीतली घरे



जुनी वस्ती पाहावयाची म्हटले, की आपण पाहुण्याला मालोजीराजांच्या गढीकडे नेतो. मालोजीराजे इंदापुरी लढाईत पडले, पुढे हा परगणा शहाजीराजांच्या जहागिरीत होता. तेव्हा गढीचा मान मोठा, हे खरेच. मी मात्र आज बोलणार आहे ते गल्लीतल्या धाब्याच्या घरांविषयी.

शेताला आपण काळी म्हणतो आणि गावठाणाला पांढरी. 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी जमिनीची नवी पाहणी सुरू केली, ती याच तालुक्यात. पण त्यांना सारा हवा होता काळीचा. पांढरीची प्रतवारी कोण लावणार?

ती लावली आपल्या वाडवडिलांनी. दगडी जोते, वर पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात रुंद भिंती. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर किलचण, किलचणावर पाला आणि त्यावर खारी माती चोपून केलेले धाबे. येथे पाऊस बेताचा, म्हणून कोकणासारखे उतरते छप्पर नको. ऊन मात्र दांडगे, म्हणून माती हवी. चैत्रातल्या दुपारी अशा माजघरात बसून पाहा आणि मग शेजारच्या पत्र्याखाली जा. उजेड आणि धूर यांची सोय धाब्यातल्या साण्याने केलेली. घराचे माप खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात. पाच खणांचे घर म्हटले, की ऐकणाऱ्याला त्यातली माणसेही कळत!

या घराला एकच खोड. दरसाल मृगापूर्वी धाब्यावर नवी माती पडली पाहिजे. मालक नोकरीसाठी पुण्याला गेला, दाराला कुलूप लागले, की दोन-तीन पावसाळ्यांत पाणी किलचणात उतरते, तुळई कुजते आणि भिंत बसते. भिंत बहुधा दोन घरांची एकच. म्हणून नांदते शेजारघरही उघडे पडते. कोणी वरून सिमेंट थापतात. त्याने ओल आतच कोंडते, आणि माती पोखरली जाते ती दिसत नाही.

1980 साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाने पळसदेवसारखे जुने गाव पाण्याखाली नेले. तेथे धरणापुढे कोणाचा इलाज नव्हता. येथे आपली घरे जातात ती चार पाट्या मातीवाचून.

मृगाला अजून अवकाश आहे. आपल्या गल्लीतल्या कुलूपबंद घराच्या मालकाला पत्र घाला, परवानगी घ्या आणि शिडी लावून वर चढा. पन्हाळीत गवत उगवले असेल, तर ते आधी उपटा, माती नंतर.