निकालाच्या आधीची तयारी : उच्च शिक्षणाचा खर्च, कुटुंब आणि समाज

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वसमत येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आहार, औषध, शास्त्र आणि अभय असे चतुर्विध दान जैन परंपरेने सांगितले आहे. यातील शास्त्रदान म्हणजेच ज्ञानदान. पूर्वी श्रावक ग्रंथांच्या हस्तप्रती लिहवून घेत आणि त्या भांडारांना अर्पण करीत. काळ बदलला तसे या दानाचे रूपही बदलले. आज एखाद्या होतकरू मुलाचे वा मुलीचे शिक्षण पैशाअभावी अडू न देणे हे ज्ञानदानच होय. संस्थेची पन्नाशी हा कृतार्थतेने मागे वळून पाहण्याचा क्षण असतो, तसाच पुढील पिढीची तजवीज करण्याचाही असतो. म्हणून या मंगल प्रसंगी उच्च शिक्षणाच्या खर्चाचा विचार करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावी गुणवंतांचे सत्कार होतात. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह दिले जाते. हा कौतुकसोहळा स्वागतार्हच आहे. परंतु टाळ्यांच्या गजरात व्यासपीठावरून उतरणाऱ्या एखाद्या मुलाच्या वडिलांच्या मनात त्या क्षणी वेगळाच हिशेब चाललेला असतो. प्रवेश मिळाला तर शुल्क चार-पाच दिवसांत भरावयाचे आहे, ते आणावयाचे कोठून? या प्रश्नाचे उत्तर वेळेवर सापडले नाही, तर गुण असूनही जागा हातची जाते. कोणाला न सांगता तो मुलगा दुकानात बसू लागतो. मुलीसाठी स्थळे पाहण्यास प्रारंभ होतो. अशा मुलांची यादी कोणी छापत नाही.

पूर्वसूरींची वाट

हा प्रश्न नवा नाही आणि त्यावर समाजाने शोधलेली उत्तरेही नवी नाहीत. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१–१९१४) यांनी ओळखले होते की, खेड्यातील जैन विद्यार्थ्याला शहरातील महाविद्यालयापर्यंत पोहोचण्यात पहिली अडचण येते ती राहण्याची आणि शुद्ध भोजनाची. म्हणून त्यांनी १९०० मध्ये मुंबईत हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग उभे केले. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ मध्ये झाली आणि विद्यार्थी वसतिगृहे हे तिच्या कार्याचे मुख्य अंग बनले. आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने मुंबईत १९१५ मध्ये श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. तेथे निवासाबरोबरच विद्यार्थ्याला शिक्षणासाठी कर्जाऊ साहाय्य देण्याची प्रथा रुजली. शिकून कमावता झालेल्याने ती रक्कम परत करावयाची आणि तिच्यातून पुढच्याचे शिक्षण व्हावयाचे, असा हा क्रम होता.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने जैन विद्यार्थ्यांचे वसतिगृह उभे राहिले. कुंभोजचा एक मुलगा काही काळ तेथे राहिला. तेच पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून सर्वांना ज्ञात झाले. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. वसतिगृहातील मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. 'कमवा आणि शिका' या त्यांच्या योजनेने गरीब मुलाला दयेच्या भाकरीपेक्षा श्रमाची भाकर दिली. दान घेणाऱ्याची मान ताठ राहिली पाहिजे, हा धडा कर्मवीरांच्या जीवनातून घ्यावयाचा आहे.

मराठवाड्याची स्थिती तर त्याहून बिकट होती. निजामाच्या राजवटीत वसमतच्या मुलाला पदवी घ्यावयाची झाली तर हैदराबाद गाठावे लागे आणि उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज, १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ, १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आले. परभणीत २०२३ मध्ये आणि हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महाविद्यालय दाराशी आले आहे. आता दारापासून वर्गापर्यंतचे अंतर उरले आहे आणि ते पैशाचे व माहितीचे आहे.

दुकानाचे वर्ष आणि महाविद्यालयाचे वर्ष

वसमतच्या बाजारपेठेचे आर्थिक वर्ष हंगामावर चालते. होळीनंतर हळद बाजारात येऊ लागते. मृगाच्या तोंडावर बी-बियाणे, खते आणि किराणा उधारीवर जातो, आणि ती उधारी सोयाबीनची सुगी झाल्यावर, दिवाळीच्या सुमारास वसूल होऊ लागते. महाविद्यालयीन प्रवेशाचे दिवस मात्र जून ते ऑगस्ट. म्हणजे छोट्या दुकानदाराचे भांडवल गावभर पसरलेले असते नेमके त्याच वेळी शुल्क, वसतिगृहाची अनामत आणि खानावळीची आगाऊ रक्कम भरावयाची वेळ येते. शासकीय शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी ती त्यानंतर काही महिन्यांनी जमा होते. बहुतेक कुटुंबांची अडचण चार वर्षांच्या एकूण खर्चापेक्षा या पहिल्या तीन महिन्यांची असते. व्यापारी मनुष्य दुकानाच्या खेळत्या भांडवलाची तजवीज आधी करतो. मुलांच्या शिक्षणाबाबत तशीच तजवीज का करू नये?

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत लातूर किंवा नांदेड येथील खासगी शिकवण्यांवर व तेथील राहण्या-जेवण्यावर घरची बरीचशी शिल्लक खर्ची पडते. प्रवेशपरीक्षा संपते तेव्हा तिजोरीही संपलेली असते. शिकवणी लावण्यापूर्वी पुढील चार-पाच वर्षांचा खर्च कागदावर मांडला, तर कोठे हात आखडावा आणि कोठे सैल सोडावा हे स्पष्ट होते. या कागदावर केवळ शिक्षणशुल्क लिहून भागत नाही. विकास शुल्क, परीक्षा शुल्क, वसतिगृह, भोजन, पुस्तके, संगणक आणि जाण्या-येण्याचे भाडे हेही लिहावयास हवे. शासकीय आणि खासगी महाविद्यालयांच्या शुल्कातील तफावत याच कागदावर डोळ्यांत भरते.

आठवीपासूनची आखणी

नियोजनाचा प्रारंभ बारावीच्या निकालापासून न होता आठवीपासून व्हावा. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असेल आणि मुलाची निवड झाली, तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर २०१५ मध्ये सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी योजनेत खाते उघडता येते आणि ती अठरा वर्षांची झाल्यावर अथवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. टपाल कार्यालयातील दरमहाची आवर्ती ठेवही लहान कुटुंबाला पुरेसा आधार देते.

दहावीनंतर कागदपत्रांकडे लक्ष द्यावे. अधिवास प्रमाणपत्र, तहसीलदारांचे उत्पन्न प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले मुलाच्या नावाचे बँक खाते तयार असावे. खुल्या प्रवर्गातील ज्या कुटुंबांचे उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी आहे आणि जे जमीन व घराच्या अटींतही बसतात, त्यांना २०१९ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे दहा टक्के आरक्षण उपलब्ध आहे. ज्या पोटजाती इतर मागास वर्गात मोडतात, त्यांनी जातीचे व नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र काढावे. केंद्राच्या आणि राज्याच्या प्रमाणपत्रांचा नमुना वेगळा असतो, हे ध्यानात ठेवावे. जैन समाजाला केंद्र शासनाने जानेवारी २०१४ मध्ये अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले आहे, त्यामुळे त्या वर्गासाठीच्या योजनांतही अर्ज करता येतो.

आणखी एक गोष्ट व्यापारी वर्गाने मनावर घ्यावी. छोटे दुकानदार पुष्कळदा आयकर विवरणपत्र भरत नाहीत. मुलासाठी शैक्षणिक कर्ज मागण्यास गेल्यावर बँक उत्पन्नाचा पुरावा मागते आणि प्रामाणिकपणे चालवलेल्या धंद्याचा एकही कागद हाती नसतो. वही स्वच्छ ठेवणे हा अचौर्याचा आचार आहेच. तो मुलाच्या शिक्षणाचाही आधार आहे.

शिष्यवृत्ती आणि कर्ज

आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षणशुल्काचा निम्मा भार शासनाकडून मिळतो. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींसाठी ही सवलत शंभर टक्के झाली असून तीत परीक्षा शुल्कही आले. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ही सवलत नाही. घाबरून किंवा घाईने व्यवस्थापन कोट्यातील जागा घेणाऱ्या पालकाला या एका अटीमुळे मोठी रक्कम गमवावी लागते. वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. बारावीला आपल्या मंडळात पहिल्या वीस टक्क्यांत असलेल्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्याला केंद्राच्या शिष्यवृत्तीतून पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरसाल १२,००० रुपये मिळू शकतात. राज्याच्या योजनांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावयाचे असतात आणि त्यांचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. पहिल्या वर्षी मिळालेली शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी केवळ विसरण्याने बंद पडावी, यासारखे दुर्दैव नाही.

कर्जाविषयी समाजात संकोच आहे. व्यापारासाठी काढलेले कर्ज प्रतिष्ठेचे आणि शिक्षणासाठी काढलेले कमीपणाचे, ही समजूत तपासून पाहावी. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही, पालक सहकर्जदार असतात आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते. शिक्षण चालू असतानाच थोडे थोडे व्याज भरत गेल्यास पुढचा हप्ता हलका होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना विनातारण कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलतही मिळू शकते. तथापि कर्जाची रक्कम ठरवताना अपेक्षित कमाईचा विचार व्हावा. महागड्या महाविद्यालयाची इमारत पाहून कर्ज काढू नये.

प्रत्येकाने वैद्यकीय वा अभियांत्रिकीच घ्यावे असेही नाही. सनदी लेखापालाचा अभ्यासक्रम तुलनेने अल्प खर्चाचा आहे, त्यात उमेदवारीच्या काळात विद्यावेतन मिळते आणि हिशेबाचे संस्कार तर व्यापारी घरात आधीपासूनच असतात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या गावाची हळद अशी नावाजली आहे, तेथील मुलांनी परभणीला कृषी किंवा अन्नतंत्रज्ञान शिकून आपल्याच पेठेला नवे रूप द्यावे, हा विचारही तितकाच मोलाचा आहे.

समाजाने काय करावे

शासनाच्या योजना आहेत, बँका आहेत. मग समाजाचे काम काय उरते? एक म्हणजे माहिती. समाजातील दोन-तीन जाणत्या तरुणांनी दर जून-जुलैत सायंकाळी मंदिराच्या सभागृहात बसून अर्ज भरून द्यावेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या नूतनीकरणाच्या तारखा एका वहीत नोंदवाव्यात. या कामाला निधी लागत नाही, सातत्य लागते. दुसरे म्हणजे पहिल्या तीन महिन्यांचा आधार. शिष्यवृत्ती वा कर्ज हाती येईपर्यंत बिनव्याजी रक्कम देणारा आणि ती परत येताच पुढच्या विद्यार्थ्याला देणारा फिरता निधी असावा. तीच रक्कम वर्षानुवर्षे अनेकांच्या उपयोगी पडते आणि घेणारा याचक न राहता निधीचा भागीदार होतो. तिसरे म्हणजे गुप्तता. साहाय्य घेणाऱ्याचे नाव फलकावर अथवा अहवालात येऊ नये. देणाऱ्याचे आले तरी चालेल, न आले तर अधिक उत्तम.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. त्या मुलांचा धर्म वा जात कोणी विचारली नाही. संकटाच्या वेळी मराठवाड्याने पाहिलेले हे ज्ञानदान शांततेच्या काळातही चालू राहावे. निधी समाजाचा असला, तरी मार्गदर्शनाच्या सायंकाळी शेजारच्या गरीब घरातील मूल आले तर त्याचाही अर्ज त्याच आस्थेने भरला जावा.

विद्यार्थ्यांनीही एक ऋण लक्षात ठेवावे. शिकून मोठ्या शहरात स्थिरावल्यावर गावाकडे पाठविलेली पहिली रक्कम फिरत्या निधीत जमा व्हावी, आणि सुटीत आल्यावर एखाद्या नववीतल्या मुलाशेजारी बसून त्याचा पुढचा मार्ग समजावून सांगावा. पैशाहूनही मोलाचे असे हे दान असेल.

सुवर्णमहोत्सवाचे सोने मंदिराच्या कळसावर शोभतेच. ज्या घरातील दिवा शुल्काच्या चिंतेने रात्री उशिरापर्यंत जळतो, त्या घरातही त्याचा थोडा उजेड पोहोचावा, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.