डॉक्टरकीचे पहिले वर्ष
(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे. बी.कॉम. होऊन वडिलांच्या कापड दुकानात बसलेला व्यापारी आहे. तरीही आपल्यापुढील इंटर्नशिपविषयी मी बोलावे, असा विश्वस्तांचा आग्रह झाला. माझ्या कन्येने हे वर्ष एका शासकीय रुग्णालयात काढले आणि आम्ही घरच्यांनी ते जवळून पाहिले, एवढाच माझा अधिकार.

साडेचार वर्षांच्या अभ्यासानंतर वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी मिळते आणि १२ महिन्यांची सक्तीची इंटर्नशिप सुरू होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार त्यात सामाजिक वैद्यकशास्त्राला १२ आठवडे, मेडिसिन व सर्जरीला प्रत्येकी ६ आणि स्त्रीरोग-प्रसूती विभागाला ७ आठवडे आहेत. उरलेला काळ इतर विभागांत जातो.

कागदावर हे भारदस्त दिसते. प्रत्यक्षात वाट्याला येते ते असे : सकाळी वॉर्डभर रक्त घेणे, सलाइनसाठी शीर शोधणे, ड्रेसिंग, ईसीजी, नमुने प्रयोगशाळेत पोहोचविणे, रिपोर्ट आणून केसपेपरला लावणे, डिस्चार्ज कार्ड लिहिणे. युनिटचा इमर्जन्सीचा दिवस असला, की जेवणाला वेळ उरत नाही. कन्या एकदा म्हणाली, “बाबा, मी डॉक्टर झाले की हमाल?”

मी तिला माझी गोष्ट सांगितली. वडिलांनी मला वर्षभर गिऱ्हाइकासमोर बसू दिले नाही. तागे उलगडायचे, मोजायचे, घडी घालून ठेवायचे. तेव्हा अपमान वाटे. परंतु बोटांना कापडाचा पोत कळू लागला तो त्याच वर्षी.

मात्र कापडाची घडी चुकली तर पुन्हा घालता येते. रुग्णालयात तसे नसते, हे मला पुढे तिच्याकडूनच कळले. एका रात्री रक्तगट जुळविण्यासाठी तिने दोन रुग्णांचे नमुने घेतले. आडनाव एकच, खाटा शेजारी. घाईत चिठ्ठ्या टेबलापाशी येऊन लावल्या. नमुने गेल्यावर तिला शंका आली. गप्प बसणे सोपे होते. ती धावत रक्तपेढीत गेली, “माझ्याकडून चूक झाली असावी” असे सांगून दोन्ही नमुने रद्द करविले आणि पुन्हा घेतले. वरिष्ठांनी सर्वांसमक्ष खडसावले. पहाटे घरी येऊन ती रडली. चुकीच्या गटाचे रक्त प्राणावर बेतू शकते, हे ती पुस्तकात वाचून होती. त्या रात्री ते तिला उमगले. त्यानंतर रुग्णाचे पूर्ण नाव त्याच्याच तोंडून वदवून, खाटेपाशीच चिठ्ठी लावल्याशिवाय तिने नमुना हलविला नाही.

मित्रांनो, चुकीची कबुली त्याच क्षणी द्या. समजले नाही, तर विचारा. वरिष्ठांच्या देखरेखीखालीच काम करा; वैद्यकीय प्रमाणपत्र वा मृत्यूचा दाखला आपल्या सहीने देण्याचा अधिकार इंटर्नला नाही. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवू नका. सुई टोचलीच तर लपवू नका. जागा साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एच.आय.व्ही. प्रतिबंधक औषध लागल्यास ते शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. हिपॅटायटिस ‘बी’ची लस आधीच पूर्ण करून ठेवा. वॉर्डातील सिस्टर, मामा व मावशी यांच्याशी आदराने वागा. पुष्कळ गोष्टी त्याच शिकवतील.

पुष्कळजण पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या चिंतेने या वर्षात वॉर्ड चुकवतात. अभ्यास अवश्य करावा. परंतु चुकलेला वॉर्ड पुढे कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

पालकांना एकच विनंती. मूल ड्युटीवरून परतले, की ‘पी.जी.चे काय?’ हा प्रश्न त्या दिवशी विचारू नका. गरम जेवण वाढा आणि झोपू द्या. आमच्या घरी हे समजायला सहा महिने लागले. आपल्याकडे तेवढे न लागोत.

सर्व सत्कारमूर्तींना मनःपूर्वक शुभेच्छा.