पाऊस घडवणारे जंगल



ॲमेझॉनचे नाव आपण वारंवार ऐकतो. ते जंगल चालते कसे, हे समजून घेतले तर तिथल्या माणसांचा लढाही नीट कळतो.

विषुववृत्ताजवळच्या या वर्षावनात उन्हाळा-हिवाळा असा फरक जवळजवळ नसतो. सरासरी तापमान वर्षभर २५ ते २७ अंश सेल्सिअस. पाऊस वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त. सह्याद्रीत काही ठिकाणी याहूनही जास्त पडतो, पण चार महिन्यांत. तिथे तो वर्षभर विभागून पडतो.

यातला बराच पाऊस जंगल स्वतःच घडवते. मुळांनी ओढलेले पाणी पानांतून वाफ होऊन वर जाते आणि पुन्हा बरसते. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सलाती यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की तिथला सुमारे निम्मा पाऊस असा परतलेला असतो. झाडे गेली की पाऊसही घटणार.

दुसरी गोष्ट मातीची. एवढी हिरवाई पाहून जमीन कसदार वाटते, पण बहुतेक ठिकाणी ती निकस आहे. कस आहे तो झाडांत. गळलेले पान दमट उष्ण हवेत लवकर कुजते आणि वरवर पसरलेली मुळे ते सत्त्व लगेच शोषून घेतात. जंगल जाळले की राखेवर काही वर्षे गवत येते. मग जमीन ओस.

आक्रे प्रांतात रबराचा चीक काढणाऱ्या कुटुंबांचे पोट उभ्या झाडांवर होते. १९७० च्या दशकात गुरांच्या कुरणांसाठी तोड सुरू झाली, तेव्हा ही कुटुंबे तोडणाऱ्यांसमोर साखळी करून उभी राहिली. बायका-मुलेही साखळीत असत. त्यांचे नेते चिको मेंडिस यांचा २२ डिसेंबर १९८८ रोजी खून झाला. १९९० मध्ये त्यांच्या नावाचे राखीव क्षेत्र झाले: जमीन सरकारची, जंगल राखून चीक आणि ब्राझील नट गोळा करण्याचा हक्क तिथल्या कुटुंबांचा. अशाच कुटुंबात वाढलेल्या, सोळाव्या वर्षी अक्षरे गिरवलेल्या मारिना सिल्वा २००३ मध्ये देशाच्या पर्यावरणमंत्री झाल्या.

पण ‘कुटुंबाचा हक्क’ म्हटले की आपण विचारायचे, कागदावर नाव कोणाचे? आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्याने विवाहितांच्या पट्ट्यावर पती-पत्नी दोघांची नावे बंधनकारक केली आहेत. गावी परतल्यावर पट्टे काढून बघा, बाईचे नाव लागले आहे का. नसेल तर कामाला तिथूनच सुरुवात करू.